पाणी बदललं आणि मासे आणखी बिघडले

प्रश्न : माझा १२० लिटरचा फिश टँक अडीच वर्षांचा आहे. आजवर एकदाही मोठी अडचण आली नाही. पाणी कायम आरशासारखं, म्हणून गेले सात-आठ महिने मी पाणी बदलणं जवळजवळ सोडलंच होतं. उडून कमी झालेलं तेवढं वरून भरायचो. पंधरा दिवसांपूर्वी फिल्टरची धार बारीक झाली, म्हणून तो उघडला आणि आतला स्पंज, सिरॅमिक रिंग्ज नळाखाली चकचकीत धुतल्या. आठवड्याभराने मासे सुस्त वाटले. टेस्ट किट आणून पाहिलं तर अमोनिया ४ आणि पीएच ६.२! घाबरून अर्धं पाणी बदललं. नळाच्या पाण्याचा पीएच ८ आहे, अँटीक्लोरीनही टाकलं होतं. दोन तासांत मासे वर येऊन तोंडं उघडी टाकू लागले आणि रात्रीतून तीन टेट्रा गेले. सकाळी अमोनिया २, पीएच ७.८. अमोनिया निम्मा झाल्यावर मासे मरतात, हे काय गौडबंगाल आहे? आणि जुन्या, बसलेल्या टँकमध्ये अमोनिया येतोच कसा? सगळं रिकामं करून नव्याने मांडू का? (तळाशी राहणारा प्लेको मासा चार दिवस दिसलेला नाही, पण तो तसा लाजाळूच आहे.)

उत्तर :

आधी प्लेको शोधा. हे वाचणं इथेच थांबवा, बॅटरी घ्या आणि लाकडाच्या पोकळीत, फिल्टरमागे, हीटरच्या आडोशाला, झाडांच्या बुडाशी बघा. झाकणाला फट असेल तर टँकमागच्या जमिनीवरही बघा. जिवंत दिसला तर त्याला त्याच्या जागी राहू द्या आणि परत या. मेलेला असेल तर लगेच काढा.

इतकी पत्रं वाचून माझा एक अनुभव झाला आहे: खरी बातमी कंसात असते. चाळीस ग्रॅमचा एक मासा कोपऱ्यात पूर्ण कुजला, तर त्याच्या अंगातल्या प्रथिनांतून साधारण एक ग्रॅम नायट्रोजन पाण्यात उतरतो. १२० लिटरमध्ये तो पसरला की लिटरला आठ मिलिग्रॅमच्या घरात जातो. म्हणजे तुमच्या किटने दाखवलेल्या आकड्याच्या दुप्पट, तोही एकट्या माशाच्या जिवावर. 'लाजाळू आहे' म्हणून चार-चार दिवस हजेरी न घेतलेल्या माशांनी कितीतरी टँक बुडवले आहेत.

आता धरून चालू की प्लेको सापडला, ठणठणीत आहे आणि नुसता रुसून बसला होता. तरीही तुमच्या टँकची हकीकत जुळते. दोन कारणं तुम्ही स्वतःच लिहून पाठवली आहेत. एक सात-आठ महिने आतल्या आत शिजत होतं, दुसरं पंधरा दिवसांपूर्वी नळाखाली घडलं. आणि मासे मेले ते या दोन्हींमुळे नाही, तर त्यावर केलेल्या उपायामुळे. रागावू नका, अमोनिया दिसला की पाणी बदला, हाच सल्ला सगळे देतात आणि दहातल्या नऊ वेळा तो बरोबरच असतो. तुमची दहावी वेळ होती.

किट ज्याला 'अमोनिया' म्हणतं त्या एका आकड्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक मुक्त अमोनिया, हा खरा विषारी. दुसरा अमोनियम, म्हणजे त्याच अमोनियाला एक हायड्रोजन आयन चिकटलेला. तो कल्ल्यांतून सहजी आत शिरत नाही, म्हणून त्या मानाने गरीब. किट दोघांची बेरीज दाखवतं. बेरजेतला किती वाटा कोणाचा, हे ठरवतो पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल हे सांगणारा आकडा (जितका कमी, तितकं पाणी आम्ल), आणि थोडंफार तापमान. २५ अंशांना पीएच ७ असेल तर शंभरातला जेमतेम अर्धा भाग मुक्त असतो. पीएच ८ ला तो पाचाच्या वर जातो. पीएच ९ ला छत्तीसच्या आसपास. पीएच एकाने चढला की विषारी वाटा जवळपास दहापट होतो, असा ढोबळ हिशेब डोक्यात ठेवा.

हा हिशेब तुमच्या आकड्यांना लावू. पाणी बदलण्याआधी लिटरला एकूण ४ मिलिग्रॅम, पीएच ६.२. त्यातला मुक्त अमोनिया निघतो ०.००३६ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे न असल्यासारखाच. मासे सुस्त होते, पण तगले होते. पाणी बदलल्यावर एकूण २, पीएच ७.८. आता मुक्त अमोनिया ०.०६९. एकूण आकडा निम्मा झाला आणि विष एकोणीस पटींनी वाढलं. ०.०५ च्या वर गेलेला मुक्त अमोनिया कल्ल्यांना इजा करू लागतो. म्हणजे आम्ल पाण्यात निपचित पडलेला साप तुम्ही ऊब देऊन जागा केलात. शिवाय पीएचची काही मिनिटांत दीड एककाची उडी हाही स्वतंत्र धक्का असतो, आणि टेट्रासारखे छोटे मासे तो सगळ्यात आधी खातात.

किटची सूचना म्हणूनच मला अपुरी वाटते. रंगपट्टीवर हिरवा दिसला की घाबरा, पिवळा दिसला की निश्चिंत, एवढंच ती सांगते. पीएच शेजारी लिहिल्याशिवाय अमोनियाचा आकडा म्हणजे घाम फुटलेला बघून ताप न मोजणं. दोन्ही चाचण्या एकाच वेळी, एकाच ओळीत लिहायची सवय लावून घ्या.

मग प्रश्न उरतो, पीएच ६.२ झाला कसा? नळाचं पाणी तर ८ चं.

'बसलेला टँक' हा शब्दच थोडा फसवा आहे. ऐकताना वाटतं, एकदा बसला की बसला, आता तो उठायचा नाही. प्रत्यक्षात बसलेल्या टँकमध्ये रोज एक कारखाना चालू असतो. मासा प्रथिनं खातो, नको असलेला नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर सोडतो. (पाण्यातला मासा पाणी कधी पितो ते कळत नाही, असं आपण म्हणतो. गोड्या पाण्यातला मासा ते जवळपास पीतच नाही. पाणी त्याच्या अंगात आपोआप शिरतं आणि तो ते बाहेर टाकत बसतो. पण हे जाता जाता.) स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकटलेले सूक्ष्मजीव त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. या कारखान्याला कच्चा माल म्हणून अमोनिया लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. त्याला आणखी दोन गोष्टी लागतात, आणि त्या कोणी मोजत नाही: प्राणवायू आणि क्षारता.

एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला साधारण साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू खर्च होतो आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात सात मिलिग्रॅमच्या आसपास क्षारता संपते. ही क्षारता म्हणजेच किटमधला केएच. कारखाना रोज आम्ल तयार करतो आणि केएच ते रोज गिळून टाकतो, म्हणून पीएच हलत नाही. समजा तुमच्या पाण्याचा केएच पाच डिग्री होता, म्हणजे लिटरला सुमारे नव्वद मिलिग्रॅम. दिवसाला अर्धा ग्रॅम खाणं टाकलं, त्यात चाळीस टक्के प्रथिनं धरली, तर दोन-सव्वादोन महिन्यांत ही शिल्लक संपायला हवी. वरून भरलेल्या पाण्यातून थोडी भर पडत राहिली, म्हणून तुमचं गाडं सात-आठ महिने चाललं. आणि हे सगळं होत असताना पाणी आरशासारखंच राहतं. अमोनियाला रंग नसतो आणि संपलेल्या केएचला तर नसतोच.

शिल्लक संपली की पीएच घसरायला लागतो. साडेसहाच्या खाली गेला की अमोनिया खाणाऱ्या बहुतेक सूक्ष्मजीवांचं काम मंदावतं, सहाच्या आसपास ते जवळपास थांबतं. मग अमोनिया साठत जातो, पण पीएच कमी असल्याने तो गरीब रूपात साठतो. मासे हळूहळू त्याला सरावतात. वरून सगळं आलबेल. नवा मासा आणून सोडला की तो दुसऱ्या दिवशी मरतो आणि आपण म्हणतो, मासाच रोगट होता. जुन्या टँकचं हे दुखणं इतकं ठरलेलं आहे की जाणकार मंडळी त्याला 'ओल्ड टँक सिंड्रोम' म्हणूनच ओळखतात.

या मंदावलेल्या कारखान्यावर तुमची फिल्टरची धुलाई म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारायलाच घातलेलं असतं; कोणते जंतू आपल्या कामाचे, हे त्याला ठाऊक नसतं. स्पंजवरचा तो तपकिरी, बुळबुळीत थर, ज्याला बघून आपल्याला किळस येते, तोच तुमचा फिल्टर. स्पंज हे नुसतं त्याचं घर. तुम्ही घर लखलखीत केलंत आणि भाडेकरू गटारात सोडून दिलेत.

हे मी उंच आसनावरून सांगत नाही. माझ्या पहिल्या टँकचा स्पंज मी साबणाच्या पाण्यात धुतला होता, वर उन्हात वाळवलाही होता, आणि तो किती शुभ्र झाला हे घरातल्या दोघांना बोलावून दाखवलं होतं. पुढचा आठवडा कसा गेला ते सांगत बसत नाही.

या भाडेकरूंबद्दल आपल्या छंदाच्या जुन्या पुस्तकांत दोनच नावं पाठ करायला लावायचे, नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर. १९९८ मध्ये लक्षात आलं की टँकमधलं नायट्राइट खाण्याचं काम नायट्रोबॅक्टर नव्हे तर नायट्रोस्पिरा करतो. २००५ मध्ये तर सिएटल अॅक्वेरियममधल्या टाकीतून अमोनियावर जगणारा असा जीव सापडला की जो जीवाणूच नाही, आर्किया नावाच्या वेगळ्याच कुळातला आहे. २०१५ मध्ये अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा अख्खा प्रवास एकट्याने करणारे नायट्रोस्पिराही सापडले. तुमच्या दृष्टीने यातली कामाची गोष्ट एवढीच: हे सगळे पृष्ठभागाला चिकटून राहणारे आणि फार सावकाश वाढणारे आहेत. झपाट्याने वाढणारे जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात, यांना दिवसाच्या आसपास लागतो. गेले म्हणजे चार दिवसांत परत येत नाहीत. पण पाण्यात ते जवळपास नसतातच, म्हणून पाणी बदलल्याने ते जात नाहीत. आणि तुमच्या खडीवर, लाकडावर, मागच्या काचेवर ते अजून आहेत.

आता काय करायचं ते. तुमची आजची स्थिती विचित्र असली तरी एक फायदा आहे: पीएचची उडी मारून झाली आहे. पाणी ७.८ वर आहे, नळाचं ८. म्हणजे आता पाणी बदललं तर पीएच फारसा चढणार नाही आणि अमोनिया मात्र सरळ कमी होईल. तेव्हा पाणी बदलायचं की नाही या विचारात पडू नका. आज चाळीस टक्के बदला, उद्या चाळीस, परवा चाळीस. २ चा आकडा १.२ वर, मग ०.७ वर, मग ०.४ च्या आसपास येईल, आणि मुक्त अमोनिया ०.०२ च्या आसपास उतरेल, जी दीर्घकाळासाठी सांभाळायची मर्यादा मानली जाते. मधल्या काळात मासे थोडी भर घालणारच, म्हणून रोज मोजा आणि गरज असेल तर चौथ्या दिवशीही बदला. नवीन पाणी टँकच्या तापमानाचं असू द्या आणि बादली उपडी करण्याऐवजी बारीक धारेने सोडा.

खाणं तीन दिवस पूर्ण बंद. घरातल्यांना वाईट वाटेल. धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी सहज राहतो, आणि कल्ले भाजलेल्या माशाला तसंही खायची इच्छा नसते. एअर स्टोन आणखी एक लावा, माशांनाही हवा लागते आणि कारखान्यालाही. हीटर २८ वर असेल तर दिवसाला एक अंश करत २५ वर आणा. मुक्त अमोनियाचा वाटा तेवढ्याने पाचव्या हिश्श्याने घटतो. फिल्टरला हात लावू नका. धार बारीक झाली तरी लावू नका.

अँटीक्लोरीनच्या बाटलीवरचा मजकूर मात्र एकदा नीट वाचा. साधं अँटीक्लोरीन, ज्यात सोडियम थायोसल्फेट असतं, ते फक्त क्लोरीन मारतं. अमोनिया तात्पुरता बांधून ठेवणारे कंडिशनर वेगळे, बाटलीवर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. तसं मिळालं तर या आठवड्यात तेच वापरा. मात्र ते टाकल्यावरही बरीचशी किटं अमोनिया दाखवतच राहतात, कारण बांधलेला अमोनियाही ती मोजतात. आकडा हलला नाही म्हणून पुन्हा पुन्हा ओतत बसू नका. बाटलीवरच्या मापाबाहेर जाऊ नका.

पीएच खाली आणणारं रसायन टाकून अमोनिया 'गरीब' करायची कल्पना तुमच्या मनात आली असेल, नाहीतर कोणीतरी सुचवेलच. नको. पुन्हा उलटी उडी, आणि पुन्हा बंद पडलेला कारखाना. रोगापेक्षा इलाज भयंकर, हे तुम्ही एकदा पाहिलंच आहे.

अमोनिया उतरला की आठवड्याभरात नायट्राइट वर येऊ शकतो. सूक्ष्मजीवांची पहिली फळी आधी सावरते, दुसरी मागून. नायट्राइट रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद मारतं, त्यामुळे भरपूर हवा असूनही मासे धापा टाकताना दिसतील. तेव्हा दहा लिटरला एक ग्रॅम साधं मीठ, वेगळ्या भांड्यात विरघळवून, दोन-तीन भागांत टाका. मिठातला क्लोराइड कल्ल्यांच्या दारात नायट्राइटची वाट अडवतो. इतक्या कमी मिठाने झाडांचं किंवा प्लेकोचं बिघडत नाही. अमोनियावर मात्र मिठाचा उपयोग नाही, दोन्हीत गल्लत करू नका. आणि फिल्टरमध्ये कोणाच्या सांगण्यावरून झिओलाइटचे खडे टाकले असतील तर मीठ टाकण्याआधी ते काढा. झिओलाइट अमोनिया धरून ठेवतो खरा, पण मीठ दिसलं की त्याच्या बदल्यात तो धरलेला अमोनिया सोडून देतो.

जीवाणूंच्या बाटलीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. ताज्या, नीट ठेवलेल्या बाटलीने मदत होऊ शकते. तिच्याहून भरवशाचा उपाय म्हणजे दुसऱ्या निरोगी टँकच्या फिल्टरमधला वापरात असलेला, धुतला न गेलेला स्पंजाचा तुकडा, ओला असतानाच आणून तुमच्या फिल्टरमध्ये ठेवणं. ज्या टँकमधून आणाल तिथे गेल्या काही महिन्यांत रोग नव्हता एवढी खात्री करा. आणि केएच शून्य असेल तर बाटली काय नि स्पंज काय, उपासमारच.

म्हणून नळाच्या पाण्याचा केएच मोजा. तो चार-पाच असेल तर नेमाने पाणी बदलणं एवढंच औषध पुरे. एक-दोनच असेल तर फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत शिंपल्यांचा किंवा पोवळ्यांचा चुरा ठेवा. पाणी आम्ल व्हायला लागलं की तो आपणहून विरघळतो, नाहीतर पडून राहतो. खाण्याचा सोडा झटपट काम करतो, शंभर लिटरला पाच ग्रॅमने केएच सुमारे पावणेदोन डिग्रीने चढतो. पण सोड्याने पीएचही चढतो, आणि टँकमध्ये अमोनिया शिल्लक असताना पीएच चढवण्याचा प्रयोग तुम्ही नुकताच करून पाहिला आहे. अमोनिया शून्यावर आल्यावरच सोडा, तोही चिमूट-चिमूट, चार-पाच दिवसांत विभागून.

ज्यांनी हे वाचून आता स्वतःच्या जुन्या टँकचा पीएच मोजला आणि तो सहाच्या आसपास निघाला, त्यांच्यासाठी दोन शब्द. घाई करू नका, तुमच्याकडे वेळ आहे. रोज दहा टक्केच पाणी बदला, बारीक धारेने, अमोनिया बांधणारं कंडिशनर टाकून. पीएच दिवसाला पाव-अर्ध्या एककाहून जास्त चढू देऊ नका. अमोनिया पीएचपेक्षा वेगाने उतरला पाहिजे, सगळी युक्ती तेवढीच आहे. मुद्दाम मऊ, आम्ल पाण्यात ठेवलेले टँक अर्थातच वेगळे. तिथे ते पाणी ठरवून, पहिल्यापासून तसं ठेवलेलं असतं आणि आतले जीवही त्याला सरावलेले असतात. घसरत घसरत तिथे पोहोचणं ही गोष्ट निराळी.

तुमचा दुसरा प्रश्न, जुन्या टँकमध्ये अमोनिया येतोच कसा, याचं तुमच्यापुरतं उत्तर झालं. पण पुन्हा आला तर दर वेळी कारण हेच असेल असं नाही. अशा वेळी मी एकच प्रश्न विचारते: गेल्या दहा दिवसांत काय बदललं? सूक्ष्मजीवांची संख्या रोजच्या शिध्याइतकीच असते, ना कमी ना जास्त. शिधा एकदम वाढला किंवा खाणारे एकदम घटले की मधली तूट पाण्यात दिसते.

शिधा वाढण्याची सगळ्यात नेहमीची वाट म्हणजे तुम्ही गावाला जाता आणि शेजारी प्रेमाने खाऊ घालतात. एक ग्रॅम कोरडं खाणं, चाळीस टक्के प्रथिनांचं, तळाशी पडून कुजलं तर शंभर लिटरमध्ये साधारण ०.६ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन तयार होतो. शेजाऱ्यांना डबा देऊ नका, एकेक दिवसाच्या पुड्या बांधून द्या, डबा कुलपात ठेवा. चार दिवसांसाठी जाणार असाल तर पुड्याही नकोत. एकदम सहा-आठ मासे आणून सोडणं हीही तीच गोष्ट. त्याहून छुपी वाट म्हणजे माशांचं मोठं होणं. मासे तेवढेच आहेत असं आपण म्हणतो, पण लांबी दुप्पट झाली की वजन आठपट होतं. दोन वर्षांपूर्वी बोटाच्या पेराएवढा आणलेला प्लेको आता एकटा किती खातो आणि किती सोडतो याचा हिशेब करा. १२० लिटर त्याला फार दिवस पुरणार नाहीत, हे तुम्हाला कोणीतरी विकत घेताना सांगायला हवं होतं.

खाणारे घटण्याच्या वाटाही तितक्याच आहेत. काडतुसासारखा अख्खा फिल्टर फेकून नवा लावणं. मिथिलीन ब्लू किंवा एरिथ्रोमायसिन सारखं औषध थेट मुख्य टँकमध्ये टाकणं. औषधोपचार शक्यतो वेगळ्या छोट्या टाकीत करावेत ते यासाठीच. आणि वीज जाणं. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये पाणी थांबलं की आतले जीव उरलेला प्राणवायू काही तासांत संपवतात आणि स्वतःच मरायला लागतात. वीज आल्यावर पंप ते कुजकं पाणी थेट माशांवर ओततो. चार-पाच तासांहून जास्त वेळ बंद राहिला असेल तर तो सुरू करण्याआधी उघडा, आतलं पाणी फेका, स्पंज आणि रिंग्ज टँकच्याच पाण्यात हलकं खळबळून परत लावा.

एक वाट थेट नळातून येते. काही ठिकाणी पाणी शुद्ध करायला क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाची जोडी. साधं अँटीक्लोरीन ती जोडी फोडतं आणि अमोनिया मोकळा करतं. पाणी बदलल्यावर दर वेळी अमोनिया दिसत असेल तर एका भांड्यात नळाचं पाणी घ्या, त्यात अँटीक्लोरीन टाका आणि ते मोजा. टँकला दोष देण्याआधी नळाची झडती घ्यावी. किटची मुदत संपलेली नाही ना, हेही त्याच वेळी बघा.

यापुढचं वेळापत्रक लहान आहे. दर आठवड्याला वीस ते पंचवीस टक्के पाणी, खडीवर सायफन फिरवून. पाणी कितीही स्वच्छ दिसो. काढलेल्या त्याच पाण्याच्या बादलीत स्पंज पिळायचा, महिन्यातून एकदा, आणि त्या दिवशी रिंग्जना हात लावायचा नाही. रिंग्जची पाळी दोन-तीन महिन्यांनी, त्या दिवशी स्पंज तसाच. धार सुटली की थांबायचं, पांढरं होईपर्यंत नाही. महिन्यातून एकदा पीएच आणि केएच मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचे. अमोनियाची चाचणी रोज करायची गरज नाही, पण वर सांगितलेल्यांपैकी काही घडलं की पुढचे आठ दिवस करायची. पाण्यावर तरंगणारी, झपाट्याने वाढणारी झाडं थोडी वाढवलीत तर ती अमोनियम परस्पर शोषतात. मात्र पिवळी पडलेली पानं पाण्यात कुजू देऊ नका, नाहीतर दिलेलं परत घेतलं असं होईल.

राहिला शेवटचा प्रश्न. सगळं रिकामं करू का? अजिबात नाही. खडी धुतलीत, काचा घासल्यात, नवं पाणी भरलंत, तर जे सूक्ष्मजीव उरले आहेत तेही जातील आणि उरलेल्या माशांना पहिल्या दिवसापासूनच्या टँकमध्ये दोन महिने काढावे लागतील. खडीवरचे जीव, आताचा पीएच आणि रोजचं पाणी बदलणं एवढ्या भांडवलावर तुमचा टँक दोन-तीन आठवड्यांत सावरायला हवा. त्या काळात नवा मासा आणू नका, मेलेल्या तिघांची जागा रिकामीच राहू द्या.

आठ दिवसांनी लिहा. अमोनिया, नायट्राइट, पीएच, केएच, चारही आकडे, नळाचे आणि टँकचे वेगवेगळे. आणि प्लेको कुठे सापडला तेही, या खेपेला कंसाबाहेर.